नसलेल्या पुस्तकांची नोंदवही

५ ऑगस्ट २०२५, मंगळवार. सकाळी अकराच्या सुमारास अभ्यासिकेतला एक मुलगा देवघेवीच्या टेबलापाशी आला आणि वहीचं फाडलेलं पान त्याने माझ्यापुढे सरकवलं. पानावर सात पुस्तकं. नाव, लेखक, प्रकाशन, साल, सगळं ओळीने. राज्यसेवेच्या निबंधासाठी त्याला महाराष्ट्रातल्या पाणीप्रश्नावर वाचायचं होतं. इतकी नीट यादी घेऊन येणारा वाचक वर्षाकाठी एखादाच, त्यामुळे मी खूश झाले.

तीन पुस्तकं कपाटात मिळाली. उरलेली चार दाखल नोंदवहीत, म्हणजे वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिथे क्रमांकाने नोंदतात तिथे, नव्हती. त्यात नवल नाही, आमचं तालुक्याच्या गावातलं ‘ब’ वर्गाचं वाचनालय, पुस्तकं साडेएकवीस हजार. पण खटकलं वेगळंच. लेखक ओळखीचे, प्रकाशनं ओळखीची, आणि ही पुस्तकं मात्र एकोणीस वर्षांच्या नोकरीत कधी कानावर आलेली नाहीत. मी हट्टाला पेटले. जिल्ह्याच्या गावच्या मैत्रिणीला फोन, मग पुण्याच्या दोन प्रकाशकांना फोन. दोन दिवस गेले. दुसऱ्या प्रकाशनातल्या बाई शेवटी हसत म्हणाल्या, “मॅडम, ही यादी चॅटजीपीटीने दिलीय का? या आठवड्यातला असा तिसरा फोन आहे.”

मुलाला विचारलं तर तो सरळ म्हणाला, “हो, त्यालाच विचारलं. का? चुकलंय?”

आठवड्याभराने, १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिन होता. दरवर्षीप्रमाणे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घातला. त्यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथं सूत्र ‘वाचकाचा वेळ वाचवा’. हार घालताना मनात आलं, एका यंत्राने वाचकाचे दोन मिनिटं वाचवले आणि माझे दोन दिवस खाल्ले. त्याच दिवशी एक दोनशे पानी वही काढली आणि वर लिहिलं, ‘न सापडलेली पुस्तके’. त्या चार नावांनी नोंद क्रमांक १ ते ४ भरले.

पुढे जानेवारीपर्यंत आमच्या वाचनालयात एआयवर, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर, अकरा बैठका झाल्या. आसपासच्या वाचनालयांतून तीन-चार जणींचे फोन आले, कसं केलं, किती खर्च आला, परवानगी कोणाची लागते. प्रत्येकीला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते. आमचं फार काही मोठं झालेलं नाही हे आधीच सांगून ठेवते.

पहिली अडचण मीच होते. मला यातलं काही येत नव्हतं. माझं शिक्षण बी.ए. आणि ग्रंथालयशास्त्राचं प्रमाणपत्र, फोनवर व्हॉट्सअॅप आणि वीजबिल. भाच्याने हेलसिंकी विद्यापीठाचा ‘एलिमेंट्स ऑफ एआय’ हा मोफत अभ्यासक्रम सांगितला. २०१८ साली फिनलंडच्या लोकांनी आपल्या सामान्य माणसांसाठी तो काढला, पुढे जगभर खुला केला. सहा प्रकरणं. मराठीत नाही, मी इंग्रजीत वाचला, रोज रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर तासभर. तिसऱ्या प्रकरणातल्या शक्यतांच्या गणितापाशी चार दिवस अडले आणि दोन उदाहरणं चक्क सोडून दिली. कोणी करणार असेल तर सांगते, गणित सुटलं नाही म्हणून थांबू नका, पुढची प्रकरणं त्यावाचूनही कळतात.

त्यातून माझ्या डोक्यात एवढं शिरलं: हे बोलणारं यंत्र आपल्यासारखं ‘माहीत असून’ सांगत नाही. प्रचंड मजकूर वाचून ते शिकलंय की या शब्दांनंतर बहुधा कुठला शब्द येतो. नुसतं विचारलं तर ते एखादं कपाट उघडून पाहत नाही. इंटरनेटवर शोधायची सोय जोडलेली असली तर शोधतं, पण सापडलेलं मांडण्याची रीत तीच. लेखकाच्या नावापुढे शोभेल असं पुस्तकाचं नाव, त्याला शोभेल असं प्रकाशन, असं एकेक जुळवत गेलं की न लिहिलेलं पुस्तकही तयार होतं. माझ्या चार पुस्तकांचा उलगडा तिथे झाला.

आणि मग वाटलं, अरे, हे तर आपलंच काम आहे. कोणी काहीही सांगितलं तरी ‘कुठे छापलंय ते दाखवा’ म्हणणं. संदर्भ विभागात आम्ही दुसरं काय करतो?

कार्यकारी मंडळाची सभा गणपतीमुळे लांबली, ती १४ सप्टेंबरला झाली. म्हणजे ऐन पितृपक्षात. कोषाध्यक्षांचं किराणा दुकान आहे, ते म्हणाले, “या पंधरवड्यात नवं काही काढू नये म्हणतात. पण ठराव जुन्याच प्रोसिडिंग बुकात लिहायचाय ना, मग चालेल.” हसून झालं आणि खरे प्रश्न सुरू झाले. लोक आधीच पुस्तकं वाचत नाहीत, त्यात हे कशाला? वाचनालयाने यंत्राची जाहिरात करायची का? आणि सगळ्यात महत्त्वाचा, खर्च कुठल्या शीर्षाखाली?

या शेवटच्या प्रश्नाला घरून तयारी करून जा. शासनमान्य वाचनालयाचं अनुदान वेतन आणि वेतनेतर अशा दोन भागांत मोजून येतं, त्यातले पुस्तकांचे पैसे पुस्तकांवरच दिसले पाहिजेत, आणि तपासणीला प्रत्येक पावती उघडली जाते. मी आधीच सांगितलं की अनुदानाला हात लावायचा नाही, देणगीतून करू, पावती पुस्तक वेगळं ठेवू. मग सभेतला आवाज खाली आला.

ठरावातला शब्दही महत्त्वाचा. मी ‘एआय प्रशिक्षण वर्ग’ लिहून नेलं होतं. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी लगेच पेन उचललं. प्रशिक्षण म्हटलं की प्रशिक्षक कोण, त्याची पात्रता काय, फी किती, प्रमाणपत्र देणार का, हे सगळं मागे लागतं. त्यांनी तिथे ‘वाचक माहिती उपक्रम’ लिहिलं. पुढे दोन पालकांनी खरंच प्रमाणपत्र मागितलं तेव्हा मी तो ठराव काढून दाखवला.

एका सदस्यांचा आग्रह होता की वरच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी. १६ सप्टेंबरला पोस्टाने पत्र पाठवलं. त्याचं उत्तर कधी आलं ते पुढे येईलच.

आता खर्चाचं आणि धावपळीचं. इंटरनेट घेतलं, महिना पाचशेचं, तीन महिन्यांचे जीएसटीसह १,७७०. हे सोपं गेलं. खरं नाटक खात्यावरून झालं. चॅटबॉटवर, म्हणजे त्या बोलणाऱ्या यंत्रावर, वाचनालयाच्या नावाने खातं उघडायचं तर ईमेल हवा, ईमेलला ओटीपीसाठी मोबाइल हवा, आणि वाचनालयाचा फोन भिंतीवरचा, तारेचा. संस्थेच्या नावाने सिमकार्ड घ्यायला गेलो तर नोंदणी प्रमाणपत्र, पॅन आणि सही करणाऱ्याच्या नावाचा ठराव मागितला. ठराव म्हणजे पुन्हा सभा. शेवटी कार्यवाहांच्या मोबाइलवर ईमेल उघडला. कार्यवाह ऊस शेतकरी. आम्ही इथे संगणकापुढे ताटकळत, आणि ओटीपी तिकडे बांधावर. ते पाणी धरत होते. तीनदा त्यांनी आकडे सांगितले, तीनदा मुदत संपली. चौथ्या वेळी मी सायकलवर पोराला शेतात पाठवलं आणि मग खातं उघडलं. तुमच्याकडे हे आधी उरकून ठेवा, आणि मोबाइल रोज वाचनालयात बसणाऱ्या माणसाचाच द्या.

पहिली बैठक १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी ठेवली. बुधवार होता, संध्याकाळी साडेपाच. पंधरा जण येतील म्हणून वीस कप चहा सांगितला, आले त्रेचाळीस. अभ्यासिकेतली मुलं, निवृत्त मंडळी, महिला मंडळाच्या सहा-सात जणी, दोन शिक्षक आणि ‘एआयने नोकऱ्या जाणार का’ एवढंच विचारायला आलेला झेरॉक्सवाला. सहाला दहा मिनिटं असताना वीज गेली. भाड्याने आणलेला सहाशे रुपयांचा प्रोजेक्टर गप्प, मागची पांढरी चादर वाऱ्यावर हलतेय. मला घाम फुटला.

पण त्यामुळेच बैठक चांगली झाली असं आता वाटतं. अंधारात मी म्हटलं, “मी अर्धं वाक्य म्हणते, तुम्ही पुरं करा. आधी लगीन...” सगळे एका आवाजात, “कोंढाण्याचं!” मग “अति तिथे...”, “माती!” मग मी म्हटलं, “आजीने कनवटीचं पाकीट काढलं आणि त्यातून...” इथे गोंधळ उडाला. कोणी पैसे म्हणालं, कोणी सुपारी, कोणी तपकीर, मागून एक पोरगा ‘आधार कार्ड’ म्हणाला. मी विचारलं, “पहिल्या वेळी सगळ्यांचं एकच का आलं? आता वेगवेगळं का?” महिला मंडळाच्या एक मावशी म्हणाल्या, “ते ऐकून ऐकून पाठ आहे. हे आपलं आपण लावलं.” बस. यंत्र काय करतं ते मला सहा प्रकरणं वाचून कळलं होतं, ते मावशींनी दोन वाक्यांत सांगितलं. जे हजारदा लिहिलं गेलंय तिथे ते सहसा बरोबर येतं, आणि जे कोणी फारसं लिहिलेलं नाही तिथेही थांबत नाही. आपलं आपण लावतं.

साडेसहाला वीज आली. मी सरावात बॉटला आमच्या वाचनालयाची स्थापना विचारून ठेवली होती, तेव्हा त्याने १९२६ सांगितलं होतं. तोच प्रश्न सगळ्यांसमोर टाकला तर उत्तर आलं १९०४. संस्थापक म्हणून एका थोर समाजसुधारकाचं नाव, वर ‘दूरदृष्टीने लावलेले रोपटे’ वगैरे. मी क्षणभर गडबडले, कारण माझ्या कागदावर १९२६ होतं. मग कपाटातून पहिलं इतिवृत्त आणलं. कापडी बांधणी, कडा वाळवीने खाल्लेल्या, पहिलं पान मोडीत आणि दुसऱ्यापासून बाळबोध. १९११. अकरा सभासद, वर्गणी दरमहा दोन आणे, जागा वखारीच्या माडीवर. समाजसुधारक वगैरे कोणी नाही. एक मास्तर, एक वकील, बाकी व्यापारी. वही हातोहात फिरली. एका अण्णांना तिच्यात आपल्या पणजोबांचं नाव सापडलं आणि पुढची दहा मिनिटं एआय बाजूलाच राहिलं.

जाताना तेच अण्णा म्हणाले, “हे यंत्र आमच्या एका पाहुण्यासारखं आहे. रस्ता ठाऊक नसला तरी सांगणारच.”

इथे एक सूचना. एकाच प्रश्नाला हे यंत्र दर वेळी वेगळं उत्तर देऊ शकतं, म्हणून दाखवायची उत्तरं आधी छापून ठेवा आणि शिवाय समोरही विचारा. दोन्ही शेजारी ठेवली की तोच धडा होतो.

दिवाळी झाली. २ नोव्हेंबरपासून दर रविवारी सकाळी साडेदहाला बसायचं ठरलं. त्या दिवशी आले नऊ. मला जरा लागलं, खोटं कशाला सांगू. पण नवातले सात पुढे शेवटपर्यंत टिकले.

आणि ४ नोव्हेंबरला नगरपरिषदांच्या निवडणुका जाहीर होऊन आचारसंहिता लागली. आम्ही नगरपरिषदेचा हॉल तोंडी ठरवला होता, तो गेला. वाचनकक्षात खुर्च्या सरकवून बसलो. अडचण जागेची नव्हती, विषयाची होती. खोटे आवाज, खोटे व्हिडिओ यावर बोलायचं म्हटलं की लोक फोन पुढे करायचे, आणि त्यात उमेदवारांच्याच क्लिपा. ‘मॅडम, हा खरा का खोटा सांगा.’ अध्यक्षांनी स्पष्ट सांगितलं, निवडणूक होईपर्यंत कुठल्याही उमेदवाराची क्लिप वाचनालयात लागणार नाही, खरी म्हणूनही नाही आणि खोटी म्हणूनही नाही. मला तेव्हा ते भित्रेपणाचं वाटलं होतं. आता वाटतं बरोबर होतं. आमच्याकडे दोन्ही गटांचे लोक एकाच टेबलावर पेपर वाचतात.

मग आम्ही नटांच्या जाहिराती घेतल्या, देवांचे व्हिडिओ घेतले, आणि १६ नोव्हेंबरला आवाजाच्या फसवणुकीवर बसलो. पोलीस ठाण्यातून एक हवालदार आल्या होत्या. त्यांनी ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कुठलीही अटक कायद्यात नाही हे तीनदा म्हणवून घेतलं आणि फसवणूक झाल्याबरोबर १९३० ला फोन करायचा, उद्या नाही, त्याच घटकेला, हे फळ्यावर लिहिलं. आमच्या एक जुन्या वाचक, वय बहात्तर, त्या हळूच म्हणाल्या की त्यांना ‘नातवाचा’ फोन आला होता. रडत होता, अपघात झालाय म्हणाला, चाळीस हजार लगेच पाठव. आवाज त्याचाच. पैसे गेले नाहीत, कारण गुगल पे त्यांना येत नव्हतं. त्या कोणाला बोलल्याच नव्हत्या, घरचे हसतील म्हणून.

त्या दिवशी प्रत्येकाने घरातल्या माणसांशी एक परवलीचा शब्द ठरवायचा असं ठरलं. असा फोन आला की आधी तो शब्द विचारायचा. पुढच्या रविवारी आजी आल्या आणि सांगू लागल्या, “आमचा ठरला, ‘गवारीची...’”, आणि सगळे ओरडले, “सांगू नका!” त्यांना नवा शब्द ठरवावा लागला.

२३ नोव्हेंबरला माझी चूक निघाली. ही लिहायला नको वाटतं, पण लिहिते. वर्गणी थकलेल्या सभासदांना स्मरणपत्रं पाठवायची होती. मी हौसेने तेवीस जणांची यादी, नाव, फोन, थकबाकीसकट, चॅटबॉटमध्ये टाकली आणि ‘नम्र पत्र लिहून दे’ म्हटलं. पत्रं छान झाली. बैठकीत उदाहरण म्हणून मी ती पडद्यावर दाखवली. मागच्या रांगेतून एका शिक्षकांनी विचारलं, “मॅडम, यात आमचं नाव आहे. हे तुम्ही कोणाला विचारून दिलंत?” खोलीत शांतता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालाय हे मी स्वतःच दोन आठवड्यांपूर्वी सांगितलं होतं. शिवाय थकबाकी सगळ्यांना दिसली ती वेगळीच.

मी माफी मागितली, तिथेही आणि मंडळाच्या सभेतही. संभाषण पुसलं, पण एकदा दिलेलं पूर्ण परत येतं असं धरून चालता येत नाही. त्यानंतर संगणकाच्या वर पुठ्ठ्यावर लिहून टांगलं की आधार-पॅन, बँकेचं काहीही, ओटीपी आणि दुसऱ्या माणसाचं नाव-गाव-नंबर इथे टाइप करायचं नाही. डॉक्टरांचे रिपोर्ट नंतर वाढवले, कारण एक ताई सोनोग्राफीचा कागद फोटो काढून टाकायला निघाल्या होत्या. पत्र हवंच असेल तर नावाच्या जागी ‘अमुक अमुक’ लिहा, पत्र तितकंच चांगलं येतं.

३० नोव्हेंबरला सुट्टी घेतली, २ डिसेंबरला मतदान होतं. निकाल ३ तारखेऐवजी २१ डिसेंबरवर गेला, म्हणजे आचारसंहिताही लांबली आणि तोवर आमचा हॉल गेलाच.

डिसेंबरातल्या दोन बैठका शेतकऱ्यांनी घेतल्या म्हटलं तरी चालेल. आमचा उसाचा पट्टा. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या उसाच्या एआय प्रयोगाबद्दल इथे पारावर रोज चर्चा. पण लोकांच्या डोक्यात ते आणि चॅटजीपीटी एकच होतं. कार्यवाहांनी स्वतः उभं राहून सांगितलं की तिकडे रानात संवेदक बसवलेत, ते जमिनीतला ओलावा मोजतात, वरून उपग्रहाची चित्रं येतात, हवामानाचे आकडे येतात आणि त्यावरून पाणी-खताचा सल्ला निघतो. तो मोजलेल्या आकड्यांवर उभा आहे. आपण फोनवर गप्पा मारतो त्या यंत्राला आपलं रान दिसत नाही. राज्याच्या कृषी विभागाचं महाविस्तार नावाचं मराठीत उत्तरं देणारं अॅपही त्यांनी उघडून दाखवलं.

मग एका तरुण शेतकऱ्याने तणनाशकाचं प्रमाण बॉटला विचारलं. उत्तर आलं, आकडा स्वच्छ, भाषा गोड. कार्यवाह म्हणाले, “हा आकडा एकराचा का हेक्टरचा?” पुन्हा पाहिलं तर तो हेक्टरचा होता, आणि पोरगा एकराचा धरून चालला होता. म्हणजे रानात अडीचपट औषध. त्याने खिशातून डबीवरचं पत्रक काढलं, बारीक अक्षरं वाचायला मी माझं भिंग दिलं, आणि दोन्ही ताडून पाहिलं. या वेळी यंत्र चुकलं नव्हतं हे सांगायला हवं. वाचणारा चुकत होता. पण हेक्टर हा शब्द पहिल्या ओळीत एकदाच होता, आणि आमच्याकडे हेक्टरमध्ये विचार कोण करतो?

४ आणि ११ जानेवारीला अभ्यासिकेच्या मुलांनी स्वतःच्या प्रश्नांची उत्तरं ताडली. एकीकडे बॉट, दुसरीकडे विश्वकोशाचे खंड, गॅझेटियर, शालेय पुस्तकं. काम कंटाळवाणं आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पण विश्वकोशाच्या खंडांवरची धूळ कित्येक वर्षांत पहिल्यांदा निघाली, आणि मुलांनी विश्वकोशातलेही जुने पडलेले आकडे शोधून मला दाखवले, ते बरंच झालं.

शेवटची बैठक १८ जानेवारीला, मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात. संक्रांत होऊन चार दिवस झालेले, म्हणून महिला मंडळाने बॉटला हळदीकुंकवाचं आमंत्रण लिहायला सांगितलं. पडद्यावर उमटलं: ‘आम्ही आपणांस या मंगलमय सोहळ्यात उत्साहपूर्ण सहभागासाठी आमंत्रित करताना अत्यंत आनंदित आहोत. आपली उपस्थिती कार्यक्रमाची शोभा वाढवण्यात महत्त्वपूर्ण भूमिका बजावेल.’

दोन सेकंद शांतता आणि मग असा हशा की रस्त्यावरचे लोक आत डोकावले. “मी काय भूमिका बजावू गं? मी वाण घ्यायला येणार!” मी छापील प्रती आणि लाल पेनं वाटली. वीस मिनिटांत त्या सगळ्या मजकुराचं झालं, ‘रविवारी संध्याकाळी हळदीकुंकू आहे. नक्की या. सुनेलाही आणा.’ इंटरनेटवर इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर फार थोडा आहे, त्यामुळे असं होतं, हे मी सांगितलं. देवनागरी शब्द यंत्राच्या आत इंग्रजी शब्दापेक्षा जास्त तुकड्यांत मोडतात हेही सांगितलं. ते कोणी ऐकलं असं वाटत नाही. मावशींनी मात्र सांगितलं, पुढच्या वेळी त्याला आमचं जुनं आमंत्रण आधी वाचायला दे, मग लिहायला सांग. तसं केलं, आणि खरंच बरं आलं.

हिशेब द्यायचा राहिला. इंटरनेट दोन तिमाही ३,५४०, प्रोजेक्टर दोन दिवस १,२०० (नंतर अध्यक्षांनी घरचा टीव्ही आणून दिला), एक्स्टेन्शन बोर्ड आणि वायर ४२०, झेरॉक्स ६४०, वह्या-पेनं १८०, आणि चहा २,८६०. एकूण ८,८४०. देणग्या दोन, मिळून ८,०००. उरलेले ८४० कार्यवाहांनी घातले आणि पावती नको म्हणाले, पण मी फाडली. चहाचा आकडा पाहून कोषाध्यक्ष हळहळले. चहात काटकसर करू नका, असं माझं मत आहे. लोक प्रश्न चहाच्या वेळीच विचारतात.

सप्टेंबरमध्ये पाठवलेल्या पत्राचं उत्तर २२ जानेवारीला आलं. एक ओळ: ‘आपल्या स्तरावर उचित निर्णय घ्यावा.’ फाईलला लावलंय. तुम्हीही पत्र पाठवून ठेवा, पण उत्तराची वाट पाहू नका.

ती वही अजून चालू आहे. जानेवारीअखेर त्रेसष्ट नोंदी झाल्या. वाचक यादी घेऊन आला की आता तो स्वतःच ती वही मागतो, आधीच कोणी हेच पुस्तक शोधलंय का पाहतो. पाणीप्रश्नवाला मुलगा तर वहीचा कारभारीच झालाय.

परवा त्यानेच मला हाक मारली. निर्लेखनासाठी, म्हणजे नोंदवहीतून कमी करण्यासाठी, बाजूला काढलेल्या फाटक्या पुस्तकांचा ढीग तो आवरत होता. त्यातून एक पुठ्ठा नसलेलं पुस्तक वर काढून म्हणाला, “मॅडम, हे बघा. क्रमांक १७.” मी चष्मा लावला. खरंच होतं. मीच ऑक्टोबरमध्ये ‘असे पुस्तक नाही’ असा शेरा मारून सही केली होती. साठ वर्षांपूर्वीचं, आमच्याच शिक्क्याचं, जुन्या दाखल नोंदवहीच्या भिजून चिकटलेल्या पानांतलं. ती पानं मी उलगडलीच नव्हती.

क्रमांक १७ वर त्याने पट्टी धरून आडवी रेघ मारली आणि शेऱ्यापुढे दाखल क्रमांक लिहिला. पुस्तक बांधणीला पाठवलंय. बांधणावळ नव्वद रुपये.